गेम डिझाइनच्या वर्गात आधी कवड्या आणा

गेम डिझायनर व्हायचंय म्हणणारी पोरं आता बेळगाव शहराबाहेर निपाणी, चिकोडी, खानापूरकडेही भेटतात. कर्नाटक सरकारनं २०२४ ते २०२९ या काळासाठी ॲनिमेशन, गेमिंग आणि कॉमिक्सचं धोरण आणलं आहे. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालय तर आपल्या बेळगावातच आहे. तेव्हा या क्षेत्रात जावं की नाही, हा वाद आता घालण्यात अर्थ नाही. वाद घालायला हवा तो या पोरांना शिकवायचं काय, यावर. बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी युनिटी किंवा अनरियल हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, उघडलं जातं. महिन्याभरात पडद्यावर एक घर उभं राहतं, सहा महिन्यांनी एक माणूस डोंगरातून पळू लागतो. प्रकाश, सावल्या, गवत सगळं असतं. फक्त खेळ नसतो. यात हरतात कसं, पुढची चाल विचार करून करावी असं यात काय आहे, असं विचारलं की पोरगं गप्प होतं. त्याचा दोष नाही, कारण तो विषय वर्गात आलेलाच नसतो.

आमचं म्हणणं असं: पहिलं सत्र निवडक खेळ खेळण्यात, त्यांचे नियम वहीत उतरवण्यात आणि ते नियम मोडून बघण्यात घालवावं. सॉफ्टवेअर दुसऱ्या सत्रात यावं. आणि ही निवड करताना जगभर गाजलेल्या व्हिडिओ गेम्सच्या शेजारी आपल्या ओसरीवरचे आणि मैदानातले खेळ मांडावेत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये नव्या पोराला आधी तयार जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, व्हर्नियर या मापपट्टीनं मोजायला देतात, मग मशीनवर उभं करतात. इथंही तेच करायचं आहे, आणि मोजायला सोपे जॉब म्हणजे ज्यांचे नियम झाकलेले नाहीत असे खेळ.

सुरुवात कवड्यांच्या पटापासून करावी. कुणी त्याला चौकाबारा म्हणतं, कुणी अष्टा-चंगा. घरागणिक नियम थोडे बदलतात. खडूनं आखलेली पाच गुणिले पाच घरं, चार कवड्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. बाहेरच्या वेढ्यात १६ घरं, आतल्या वेढ्यात ८ आणि मधलं एक. बाहेरून एका दिशेनं फिरायचं, आत शिरलं की उलट दिशेनं. जितक्या कवड्या उताण्या तितकं दान: चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर मात्र आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायची संधी. आता वही काढा. कवडी उताणी आणि पालथी पडण्याची शक्यता सारखीच धरली, तर १६ शक्यतांपैकी १ पडण्याच्या चार, २ पडण्याच्या सहा, ३ पडण्याच्या चार, आणि ४ व ८ पडण्याची प्रत्येकी एक. सरासरी दान अडीच. म्हणजे दोन घरं पुढं असलेल्या सोंगटीला धोका सगळ्यात जास्त, चार घरं पुढं असलेली बरीचशी सुरक्षित. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या किती घरं पुढं थांबायचं, हा खरा निर्णय होतो. आता कवड्यांच्या जागी साधा फासा घ्या. एक ते सहा सगळे आकडे सारख्याच शक्यतेनं पडतात, सहा घरांच्या आत कुठंही थांबलं तरी भीती सारखीच, आणि तो निर्णयच नाहीसा होतो. खरी कवडी दोन्ही बाजूंनी सारखी पडत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांनी चार कवड्या शंभर वेळा टाकून स्वतःचा तक्ता करावा. वहीतलं गणित आणि जमिनीवर पडलेलं दान यांत किती फरक येतो, हे पहिल्याच आठवड्यात कळलं तर पुढं फार उपयोगी पडतं.

याच पटात आणखी एक नियम आहे, तो बारकाईनं बघण्यासारखा. अनेक कुटुंबांतल्या नियमांप्रमाणे प्रतिस्पर्ध्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या वेढ्यात जाता येत नाही. हा नियम काढून दोन डाव खेळा. प्रत्येकजण आपापल्या वाटेनं निमूट चालतो, कुणी कुणाच्या वाटेला जात नाही, आणि डाव कंटाळवाणा होतो. एका वाक्याच्या नियमानं चार जणांना एकमेकांकडे बघायला भाग पाडलं आहे.

शेजारी ल्युडो ठेवावा. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. सलग दहा पाळ्यांत सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे, म्हणजे सहा जणांमागे जवळजवळ एक जण दहा पाळ्या हात बांधून बसतो. लहान पोरं ल्युडोत रडकुंडीला का येतात, त्याचं कारण या आकड्यात आहे. ल्युडोचं इंग्लंडमधलं पेटंट १८९६ सालचं. तो आपल्या पच्चीसीवरूनच निघाला. जाताना त्यानं कवड्या सोडल्या, त्यांच्याबरोबर दानांचा चढउतारही गेला.

घाट उतरून सावंतवाडीला गेलं की दशावतारी गंजिफा हा पत्त्यांचा खेळ भेटतो. दहा अवतारांची प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०. राजा आणि प्रधान सगळीकडे वरचे, पण पाच रंगांत दहा मोठा आणि पाच रंगांत एक्का मोठा. फक्त या उलट्या क्रमामुळे हातात आलेलं एकही पान सरसकट टाकाऊ ठरत नाही. पत्त्यांचा खेळ बनवणाऱ्या प्रत्येकानं हा निदान एकदा हातात घ्यावा.

आता मैदानावर येऊ, कारण पाठलागाचा खेळ कसा रचावा हे खो-खोइतकं स्वच्छ क्वचितच कुठं दिसतं. आठ गडी पाटीवर एकाआड एक उलट तोंडं करून बसलेले, नववा पाठलागावर. पळणारा कुठूनही कुठंही जाऊ शकतो, दोन बसलेल्यांच्या मधून सटकू शकतो, क्षणात उलटा फिरू शकतो. पाठलाग करणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. मधून जायचं नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तीच. दोघांना सारखी मोकळीक दिली असती तर ज्याचे पाय जोरात त्याचा डाव, एवढाच खेळ उरला असता. एकट्या पाठलागाऱ्याला बांधून टाकल्यामुळेच ‘खो’ला किंमत आली: दुसऱ्या बाजूला तोंड करून बसलेला गडी ही त्याची हरवलेली दिशा आहे. खो कधी द्यायचा, हूल कधी दाखवायची, खांबावर सूर कधी मारायचा, हे सगळं डावपेच त्या दोन बंधनांतून आलं. कुठल्याही शाळेच्या मैदानावर विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करावा. आधी नियमाप्रमाणे पाच मिनिटं खेळावं, मग पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलायची परवानगी देऊन पाच मिनिटं. दुसऱ्या डावात खो किती वेळा दिले गेले ते मोजावं.

हे झालं की त्याच दिवशी पॅक-मॅन उघडावा. १९८० साली नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी केलेला, चक्रव्यूहात ठिपके खात चार भुतांपासून पळायचा हा खेळ वरवर लहान पोरांचा वाटतो. आत बघितलं तर त्यातली भुतंही बांधलेलीच आहेत: त्यांना मनाला येईल तेव्हा मागं फिरता येत नाही, वळायचं ते चौकातच. आणि चौघांचं लक्ष्य वेगवेगळं. तांबडं भूत पॅक-मॅन आहे त्या घराकडे येतं. गुलाबी तो तोंड करून आहे त्या दिशेला चार घरं पुढची जागा धरतं, म्हणजे वाट अडवतं. निळं भूत पॅक-मॅनच्या दोन घरं पुढचा बिंदू घेतं, तांबड्या भुतापासून तिथपर्यंत रेघ ओढतं आणि तेवढीच पुढं वाढवतं. त्यामुळे ते कधी समोरून येतं, कधी बाजूनं, आणि त्याचा अंदाज येत नाही. नारिंगी आठ घरांपेक्षा लांब असेल तर पाठलाग करतं, जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे निघून जातं. शिवाय पहिल्या पातळीवर सुरुवातीला सात सेकंद सगळी कोपऱ्यांत पांगतात, मग वीस सेकंद पाठलाग, पुन्हा पांगापांग. खेळणाऱ्याला श्वास घ्यायला मिळतो तो या पांगण्यामुळे.

हे पाठ करण्यासाठी नाही. चौकटीच्या कागदावर चक्रव्यूह आखा, चार विद्यार्थ्यांना एकेका भुताचा नियम चिठ्ठीवर द्या, पाचवा पळणारा, आणि सगळ्यांनी पाळीपाळीनं एक घर चालायचं. दहा मिनिटांत पळणारा घेरला जातो, आणि चौघांनी एकमेकांशी एक शब्दही बोललेला नसतो. मग चौघांना तांबड्याचाच नियम द्या. चारही भुतं एका रांगेत मागं लागतात आणि पळणारा आरामात गोल गोल फिरतो. ‘शत्रू हुशार हवा’ असं म्हणून विद्यार्थी त्याचा वेग वाढवत बसतात. शत्रू एकमेकांपासून वेगळे हवेत, हे या कागदावर समजतं.

तिसरा धडा म्हणजे न बोलता शिकवणं, आणि तो आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे असं आम्हाला वाटतं. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स घ्या, त्यातली पहिलीच पातळी. मारिओ पडद्याच्या डाव्या अंगाला उभा, उजवीकडे मोकळी जागा. कुठं जायचं हे सांगावं लागत नाही. थोडं पुढं गेलं की पहिला शत्रू समोरून चालत येतो. उडी मारली नाही तर मराल, पण गमावलेले असतात फक्त काही सेकंद. वर चमकणारं प्रश्नचिन्हाचं चौकोनी खोकं. त्यावर डोकं आपटलं की अळंबी निघते, ती उजवीकडे घसरत जाते, पाइपला आपटते आणि उलटी तुमच्याकडेच येते. घाबरून टाळू पाहणाऱ्यालाही ती बहुधा लागतेच, आणि मारिओ मोठा होतो. शत्रू वाईट, अळंबी चांगली, हे कुणी लिहून न देता कळलं. पुढं समोरासमोर दोन जिने येतात, मध्ये पक्की जमीन. उडी चुकली तरी खाली उभे राहता. त्यानंतर तसेच दोन जिने पुन्हा येतात, या वेळी मध्ये खड्डा. आधी सराव, मग परीक्षा.

विद्यार्थ्यांनी ही पातळी कागदावर आखून तीन गोष्टी लिहाव्यात: प्रत्येक नवी वस्तू पहिल्यांदा कुठं येते, तिथं चुकलं तर काय जातं, आणि तीच वस्तू दुसऱ्यांदा येते तेव्हा तिच्यासोबत आणखी काय असतं. नंतर २००७ चा पोर्टल खेळावा. त्यात भिंतींवर जोडीची दारं उघडतात, एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. त्यात सुरुवातीला हातात काहीच नसतं, दारं यंत्रच उघडतं. मग एकाच रंगाचं दार उघडणारी बंदूक मिळते. दोन्ही दारं आपल्या हातात यायला बऱ्याच खोल्या पार कराव्या लागतात. या खेळाची मूळ कल्पना डिजिपेन या अमेरिकन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये केलेल्या नारबॅक्युलर ड्रॉप या खेळातली. व्हॉल्व्ह कंपनीनं तो गटच कामावर घेतला. कॉलेजातला छोटा, पण एकाच कल्पनेवर उभा असलेला खेळ कुठवर जातो, याचं हे उदाहरण आहे.

आता आपली परिस्थिती बघा. विद्यार्थ्यांच्या गेममध्ये पहिल्या पडद्यावर सूचनांच्या सहा-सात ओळी असतात, बहुतेक इंग्रजीत. बेळगावात एका टेबलाभोवती मराठी, कन्नड आणि उर्दू घरातली पोरं बसतात, खानापूरकडे कोंकणीही. सूचना कुठल्या भाषेत लिहायची, हा वाद इथं लगेच सुरू होईल. पण शब्दांवाचून न समजणारा खेळ याच टेबलावर पहिल्या मिनिटात पकडला जातो, आणि ही सोय एकाच भाषेच्या गावात मिळत नाही.

चाचणी कशी घ्यावी तेही सांगायला हवं, कारण चूक इथंच सगळ्यात जास्त होते. खेळ न बघितलेले पाच जण बोलवावेत, वर्गमित्र नकोत. ते भिडेखातर छान म्हणतात. खेळ पुढ्यात ठेवून बनवणाऱ्यानं दहा मिनिटं तोंड बंद ठेवावं. वहीत फक्त तीन नोंदी: हात कुठं थांबला, ‘आता काय?’ असं कधी विचारलं, आणि कोणती गोष्ट चुकीची समजली. मग एकच बदल करावा आणि नवे पाच जण आणावेत. एकदम चार बदल केले तर कशानं फरक पडला ते कळत नाही. आणि अडचण दिसली की नवा नियम चिकटवायची घाई होते. आधी एखादा नियम काढून बघावा.

टेट्रिस प्रत्येकानं खेळलेला असतो, अभ्यासलेला नसतो. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी केलेला. वरून पडणारे चार चौकोनांचे सात आकार, ते रचायला दहा रुंद आणि वीस उंच जागा. हरताना दोष द्यायला कुणी नसतं, कारण समोर रचलेली अडगळ आपलीच असते. आकार निव्वळ नशिबावर सोडले तर सरळ कांडी कितीही वेळ न येण्याची शक्यता राहते. म्हणून नंतरच्या आवृत्त्यांत सातही आकार पिशवीत घालून एकेक काढावे आणि पिशवी रिकामी झाली की पुन्हा भरावी, अशी पद्धत आली. आता दोन कांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त बारा तुकडे येतात. पुठ्ठ्याचे सात तुकडे आणि एक कापडी पिशवी घेऊन हे वर्गात करता येतं. त्याच्या जोडीला २०१४ साली आलेला ‘२०४८’ हा सारखे आकडे सरकवून जोडत जायचा खेळ घ्यावा. त्याचा कोड खुला आहे. चार गुणिले चारच्या पटावर नवा आकडा नव्वद टक्के वेळा २ येतो, दहा टक्के वेळा ४. हे प्रमाण निम्मं-निम्मं करा, पट तीन गुणिले तीन करा, पाच गुणिले पाच करा. लहान पटावर डाव उरकतो आणि मोठ्यावर लांबतच जातो. आकडा बदलला की खेळाचा जीव कसा बदलतो, हे प्रोग्रामिंग नवं शिकलेल्या मुलीलाही एका दुपारी बघता येतं.

आणखी एक खेळ या यादीत हवाच: २०१३ चा पेपर्स, प्लीज. लुकास पोप या एकट्या माणसानं केलेला. खेळणारा सीमेवरच्या चौकीत बसलेला कारकून. समोर माणूस येतो, कागद देतो. नाव, तारीख, शिक्का तपासायचा आणि आत सोडायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं. जितकी माणसं नीट तपासाल तितका पगार. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, पुढे दंड. संध्याकाळी त्याच पैशातून भाडं, जेवण, शेगडी, औषध. रोज एखादा नवा कागद वाढतो. मग एक नवरा येतो, त्याचे कागद बरोबर. मागून त्याची बायको येते, तिचा परवाना नाही. खेळ काहीच बोलत नाही, फक्त शिक्का तुमच्या हातात असतो.

२०२१ मध्ये कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर करोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा अहवाल हातात धरून ताटकळलेल्या लोकांना हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही. दोन भाषांतले अर्ज, एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात चालतो की नाही, पंचायतीत कन्नड फॉर्म पुढं आल्यावर शेजाऱ्याला हाक मारणारी आजी, हे सगळं आपल्या पोरांनी जवळून बघितलेलं आहे. त्यावर भाषण करणारा गेम कुणी खेळणार नाही. पण काउंटरच्या या बाजूला खेळणारा बसवला, वेळ कमी दिली आणि अर्धे फॉर्म त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत ठेवले, तर तो खेळ आपल्या जिल्ह्याबाहेरही समजेल. २०२३ चा व्हेन्बा हा तमिळ कुटुंबाचा खेळ असाच आहे. फाटक्या पाककृतीच्या वहीतल्या गहाळ पायऱ्या ओळखत आपण स्वयंपाक करतो, आणि पुढच्या पिढीची भाषा सुटत जाताना बघतो.

आपल्याकडे मातीतला खेळ म्हटलं की गडाचं चित्र मागं लावून पुढं पळणारा मावळा ठेवतात. उड्या मारा, नाणी गोळा करा. नियम एकही आपला नाही. गनिमी काव्यावर खरोखर खेळ करायचा असेल तर थोडी माणसं, डोंगरातल्या ठाऊक असलेल्या वाटा, रसद तोडणं आणि वेळेवर माघार घेणं, हे नियमांत यायला हवं. पाठलाग आणि माघार यांचा हिशोब खो-खोनं शिकवलेलाच आहे. महाराजांचं नाव घ्यायचं तर निदान एवढे कष्ट घ्यावेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये राजी हा खेळ काढून भारतीय कथा जगापुढं नेली. तिथून पुढचं पाऊल नियमांत पडायला हवं.

बाकीचे खेळ झरझर सांगतो. वाघ-बकरीत दोन्ही बाजूंची ताकद आणि ध्येय वेगळं, तरी डाव बरोबरीचा कसा राहतो ते बघावं. गोळीबाराचा डूम बघावा तो पातळीचा नकाशा कसा आखावा यासाठी; त्याचा कोड १९९७ पासून खुला आहे. शहर वसवायचा सिमसिटी, एका बदलाचे परिणाम कुठवर जातात त्यासाठी. स्पेलंकीची पहिली आवृत्ती फुकट मिळते. दर डावाला नवी गुहा, तरीही मेलं की चूक आपलीच वाटते. सेलेस्ट या डोंगर चढायच्या खेळात कड्यावरून पाय सुटल्यावरही सुमारे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मारता येते. आपल्या विद्यार्थ्यांच्या खेळात ‘बटण दाबलं तरी उडी बसत नाही’ ही जी तक्रार येते, तिचं उत्तर बहुधा एवढंच असतं.

नोकरी देणारे युनिटीचं काम मागतात, हा आक्षेप खरा आहे. पुण्या-बंगळुरूच्या मुलाखतीत इंजिन यावं लागतंच, आणि दुसऱ्या सत्रात ते शिकवावंच. पण इंजिन येणाऱ्यांचे अर्ज पुष्कळ असतात, त्यांत वेगळं ठरायला खेळ रचता यायला हवा. दुसरा आक्षेप घराघरातला: पोरं आधीच मोबाइलवर खेळतात, आणखी खेळायला सांगता? चाळीस मिनिटं खेळ, चाळीस मिनिटं वही, हा नियम पाळला की फरक दिसतो. वही पुढं ठेवल्यावर रोजचं बक्षीस, अर्ध्या तासानं मिळणारा जीव, ‘फक्त आजच’ची ऑफर, हेही नियमच आहेत आणि कुणीतरी मुद्दाम लिहिलेले आहेत, हे लक्षात येतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आली. बाकीच्यांतलं वेळ आणि पैसा ओढायचं तंत्र ओळखायला मात्र कायदा पुरत नाही.

हे सगळं करायला खर्च किती? कवड्या, पुठ्ठा, चौकटीचा कागद, दोन-तीन जुने संगणक. गोडो इंजिन आणि ब्राउझरमध्ये चालणारं, कोड्यांचे खेळ बनवायचं पझलस्क्रिप्ट, दोन्ही फुकट. जागा आपल्याकडे आहे: गावोगावची वाचनालयं. संध्याकाळचे दोन तास, एक कपाट, आणि पुस्तकासारखी खेळाची नोंद ठेवणारं रजिस्टर. कडोली, उचगाव, येळ्ळूर, माचीगड इथं दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात. मंडपाच्या एका कडेला दोन टेबलं मागावीत, एकावर कवड्यांचा पट आणि दुसऱ्यावर विद्यार्थ्यांनी केलेला खेळ ठेवावा. दर तासाला एक नियम बदलायचा, आणि खेळायला बसलेल्यांचा हात कुठं अडला ते तिथंच फळ्यावर लिहायचं.